आर. एम. पी. म्हणजे कोण?

वैद्यकशास्त्राला आद्याक्षरांचा सोस फार. शरीरक्रियाशास्त्राच्या विद्यार्थ्यासमोर आर. एम. पी. ही तीन अक्षरे ठेवली, तर पेशी विश्रांत असताना तिच्या पटलाच्या आत आणि बाहेर जो विद्युत्‌दाबाचा फरक असतो तो त्याला आठवतो. मज्जापेशीत तो साधारण उणे ७० मिलिव्होल्ट. प्रसूतितज्ज्ञाला त्याच अक्षरांतून बाळाची एक अवघड स्थिती दिसते : चेहरा पुढे आलेला, हनुवटी मातेच्या उजव्या बाजूस व मागे. क्षयरोगावरील लेखनात आर. एम. पी. म्हणजे रिफाम्पिसिन हे औषध. हे तीन अर्थ एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. प्रसूतिगृहात कोणी पेशीच्या पटलाविषयी बोलत नाही, आणि क्षयरोग्याच्या औषधपत्रिकेत हनुवटीचा विषय निघत नाही. संदर्भ आपले काम चोख बजावतो.

गोंधळ आहे तो चौथ्या अर्थाचा, आणि तो अर्थ वैद्यकाने निर्माण केलेला नाही. तो प्रशासनाने निर्माण केला आहे. कायद्याच्या भाषेत आर. एम. पी. म्हणजे नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायी. प्रतिजैविक औषधाच्या कोणत्याही पट्टीवर छापलेली सूचना वाचावी. नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीच्या चिठ्ठीवाचून हे औषध किरकोळ विकू नये, असा तिचा आशय असतो. गर्भपाताचा १९७१ चा कायदा, आरोपीच्या वैद्यकीय तपासणीची १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील तरतूद व तिची जागा घेणारी २०२३ ची नागरिक सुरक्षा संहिता, या सर्वांनी ज्याच्यावर विश्वास टाकला आहे तो हाच मनुष्य.

आता आंध्र प्रदेश किंवा तेलंगणातील एखाद्या खेड्यात जावे. नोकरीच्या निमित्ताने हैदराबाद, वरंगळ, विजयवाडा या बाजूस स्थायिक झालेल्या मराठी वाचकांना हे सांगण्याची गरज नाही. तेथे आर. एम. पी. म्हणजे ज्याची कोठेही नोंद नाही, ज्याच्यापाशी पदवी नाही, परंतु जो रात्री दोन वाजता हाक मारली तरी येतो, सुई टोचतो, सलाईन लावतो आणि पैसे पीक आल्यावर दिले तरी चालवून घेतो, तो डॉक्टर. सुशिक्षित लोक या अक्षरांचा विस्तार ‘रूरल मेडिकल प्रॅक्टिशनर’ असा करतात. त्यांच्याच जोडीला पी. एम. पी. असाही एक वर्ग सांगितला जातो, म्हणजे खाजगी व्यवसायी. फरक विचारला तर दहा जण दहा उत्तरे देतील. उत्तर हिंदुस्थानात याच माणसाला ‘झोलाछाप’ म्हणतात. तो शब्द निदान प्रामाणिक आहे. खांद्यावरच्या पिशवीपलीकडे तो कोणताही दावा करीत नाही. तेलुगू मुलखातील नाव मात्र थेट राजपत्रातून उचललेले आहे. एकाच तीन अक्षरांनी एकीकडे ज्याची नोंद आहे तो आणि दुसरीकडे ज्याची नोंद नाही तो, असे दोघेही ओळखले जावेत, असे दुसरे उदाहरण आपल्या प्रशासकीय शब्दकोशात मला आढळलेले नाही.

हे कसे झाले, ते पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

डॉक्टरांची सरकारी नोंदवही ही कल्पना इंग्लंडची. तेथील वैद्यक कायदा १८५८ चा. हिंदुस्थानात तिचे पहिले अनुकरण मुंबई इलाख्याने केले. १९१२ साली मुंबईचा वैद्यक कायदा झाला, त्यानुसार कौन्सिल स्थापन झाले आणि नोंदवही उघडली. १९१४ मध्ये बंगाल व मद्रास यांनी तोच मार्ग धरला. या कायद्यांविषयी एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. त्यांनी नोंद नसलेल्यास औषधोपचार करण्याची मनाई केलेली नव्हती. नोंद असलेल्यास काही अधिकार दिले होते, एवढेच : कायद्याला लागणारा दाखला त्याने द्यावा, ठराविक सरकारी जागा त्याला मिळाव्यात. बाकी वैद्य, हकीम, सुईण, हाडे बसविणारा, ज्याचा त्याचा व्यवसाय चालू राहिला. नोंदवही ही यादी होती, कुंपण नव्हते. सरकारला आपले नोकर व आपले दाखले यांची काळजी होती. रयतेने कोणाकडून औषध घ्यावे याची चिंता त्याने अंगावर घेतली नव्हती. मूळ वही अशी असल्यामुळे ‘नोंदणीकृत’ या शब्दाला लोकांच्या लेखी पहिला अर्थ आला तो ‘सरकारमान्य’ असा. शिक्षणाशी त्याचा संबंध दुय्यम राहिला.

मग स्वाभाविकपणे इतरांनाही ती मान्यता हवीशी वाटू लागली. देशी वैद्यकाच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे सरळ होते : देशातील बहुसंख्य रोगी आमच्याकडे येतात, मग वहीत आमचे नाव का नाही? या प्रश्नाला १९३८ साली मुंबई इलाख्याने दिलेले उत्तर मला आपल्या प्रशासकीय इतिहासातील एक मोठे वळण वाटते. त्या वर्षीच्या वैद्यव्यवसायींविषयीच्या कायद्याने वैद्य-हकिमांसाठी नोंदवही उघडली, आणि तिच्याशेजारी दुसरी एक सूची ठेवली. नोंदवहीत घेण्याइतकी अर्हता नाही, पण कायदा आला तेव्हा जे व्यवसाय करीतच होते, अशांसाठी ती सूची. नोंदलेला वेगळा आणि सूचीत घातलेला वेगळा. हा भेद कायद्याच्या कलमांत स्पष्ट होता. दवाखान्याच्या पाटीवर तो टिकणे शक्य नव्हते. महाराष्ट्राच्या १९६१ च्या कायद्यातही ही दुहेरी रचना पुढे आली. आपल्याकडील जुन्या पाट्यांवर नावापुढे नुसते ‘आर. एम. पी.’ लिहिलेले ज्यांनी पाहिले असेल, त्यांनी ती अक्षरे पदवी समजूनच वाचली असतील. वस्तुतः ती पदवी नव्हे. मतदारयादीत नाव आहे म्हणून कोणी नावापुढे ‘मतदार’ असे लावीत नाही. परंतु वैद्यकात हे चालून गेले.

मद्रास इलाख्यातही १९३० च्या दशकात देशी वैद्यकाच्या व्यवसायींची नोंदणी सुरू झाली होती, आणि तमिळ मुलखात आर. आय. एम. पी. हे चार अक्षरांचे भावंड जन्माला आले. मधला ‘आय’ इंडियन मेडिसिनचा. उत्तरेत प्रयागच्या हिंदी साहित्य संमेलनाच्या ‘वैद्य विशारद’ व ‘आयुर्वेद रत्न’ या परीक्षांना मान्यता मिळाली. साहित्य संमेलनाने वैद्य घडवावेत हे आज चमत्कारिक वाटते, परंतु १९७० च्या भारतीय वैद्यक कायद्याच्या अनुसूचीत या परीक्षा १९३१ ते १९६७ या कालमर्यादेसह नमूद आहेत. १९६७ नंतरही प्रमाणपत्रे निघत राहिली आणि त्यांच्या आधारे नोंदणी मागितली जात राहिली. अखेर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९६७ नंतरच्या प्रमाणपत्रांना आधार नाही असे सांगितले. त्रेचाळीस वर्षे! एवढ्या काळात किती पाट्या लागल्या असतील याची कल्पना वाचकांनीच करावी.

परंतु केवळ अक्षरे उपलब्ध होती म्हणून माणसे ती लावू लागली, असे म्हणणे अपुरे होईल. खेड्यातील ती जागाच रिकामी झाली होती, आणि ती रिकामी होण्यास कारणीभूत ठरलेला निर्णय एका दुसऱ्या संक्षेपाशी निगडित आहे. तो संक्षेप म्हणजे एल. एम. पी.

आज ही अक्षरे स्त्रीरोगतज्ज्ञाच्या कागदावर असतात आणि शेवटच्या मासिक पाळीची तारीख दाखवितात. १९४० पूर्वी मद्रासेत वा मध्य प्रांतात ती डॉक्टरच्या नावापुढे असत. विस्तार दोन प्रकारे करीत, लायसेन्शिएट इन मेडिकल प्रॅक्टिस किंवा लायसेन्स्ड मेडिकल प्रॅक्टिशनर. बंगालात एल. एम. एफ., मुंबईत एल. सी. पी. एस. हे त्यांचे समकक्ष. विद्यापीठाच्या महाविद्यालयात न जाता वैद्यकीय शाळेत सुमारे चार वर्षे शिकून हे डॉक्टर तयार होत. पुण्याची बी. जे. मेडिकल स्कूल, नागपूरची रॉबर्टसन मेडिकल स्कूल, कलकत्त्याची कॅम्बेल, आग्र्याची शाळा, या सर्व त्याच पंक्तीतल्या. वेल्लोरला आयडा स्कडर यांनी १९१८ मध्ये मुलींसाठी जी संस्था सुरू केली तीही आरंभी एल. एम. पी. घडविणारीच होती. पदवीधर डॉक्टर या लायसेन्शिएटांना आपल्या पंक्तीस बसवून घेत नसत. १९३३ च्या भारतीय वैद्यक परिषद कायद्यानेही आपले लक्ष पदवीधरांपुरते ठेवले आणि लायसेन्शिएटांना बाहेर ठेवले. तालुक्याच्या दवाखान्यात मात्र भेटत तो हाच डॉक्टर.

१९४३ मध्ये सरकारने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य सर्वेक्षण व विकास समिती नेमली. भोर हे नाशिकला जन्मलेले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले आय. सी. एस. अधिकारी. त्यांच्या सेवेचा आरंभीचा काळ मद्रासकडे गेला आणि ते कोचीनचे दिवाणही होते. म्हणजे आजच्या भाषेत ‘बाहेरच्या केडरचे’ मराठी मुलखातील अधिकारी. समितीचा १९४६ चा अहवाल आजही वाचावा असा आहे. त्यातील आकडे असे : ब्रिटिश हिंदुस्थानात ४७,५२४ नोंदलेले डॉक्टर, त्यांपैकी १७,६५४ पदवीधर आणि २९,८७० लायसेन्शिएट. सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर. दर आठ डॉक्टरांपैकी पाच लायसेन्शिएट होते, आणि समितीच्या बहुमताने शिफारस केली की लायसेन्शिएटांचे शिक्षण बंद करावे, सारी साधने एकाच प्रतीचा, पदवीधर असा ‘मूलभूत डॉक्टर’ तयार करण्यासाठी वापरावीत. काही सदस्यांनी याविरुद्ध मत नोंदविले. गरज एवढी मोठी असताना कमी काळात तयार होणारा डॉक्टर सोडून देणे परवडणार नाही, हा त्यांचा मुद्दा.

बहुमताच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शहराला एक प्रतीचा डॉक्टर आणि खेड्याला दुसऱ्या प्रतीचा, हे स्वतंत्र होऊ घातलेल्या देशाला शोभणारे नव्हते. परंतु प्रशासक म्हणून विचार केला की असे वाटते, येथे दर्जा वाढविण्याचा आदेश निघाला आणि पुरवठ्याची तजवीज मागाहून करावयाची ठेवली. शाळांची महाविद्यालये झाली. नागपूर, पुणे, वेल्लोर, सर्वत्र एम. बी. बी. एस. आले. त्या पदवीधराने गावात जावे अशी अपेक्षा होती. तो गेला नाही. १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडली गेली, पण केंद्र असते त्या गावापासून आठ-दहा मैलांवरच्या वाडीला रात्रीचा ताप थांबत नाही. आणि त्याच सुमारास पेनिसिलीन आले, सुई आली, गोळ्यांचे डबे आले. डॉक्टरकडे पाच-सात वर्षे काम केलेला कंपाउंडर आपल्या गावी परतला आणि त्याने दुकान मांडले. गावाला त्याला काहीतरी म्हणावयाचे होते. सरकारने घडविलेला एक शब्द हवेत होताच.

हे किती दूर गेले त्याचा एक आकडा देतो. २००१ च्या जनगणनेतील नोंदींच्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. जनगणनेत ज्यांनी आपला व्यवसाय ॲलोपॅथीचा डॉक्टर असा सांगितला होता, त्यांपैकी ५७.३ टक्के लोकांपाशी वैद्यकीय अर्हता नव्हती. ग्रामीण भागात अर्हता असलेल्यांचे प्रमाण अवघे १८.८ टक्के होते. जनगणनेच्या प्रगणकापुढे मनुष्य जे सांगतो ते बहुधा त्याला स्वतःला खरे वाटत असते. म्हणजे आपण डॉक्टर आहोत अशी त्यांची प्रांजळ समजूत होती.

या दोन अर्थांची टक्कर सरकारी कागदावर कशी होते, हे मी एकदा जवळून पाहिले. एका जिल्ह्यात पावसाळ्यानंतर तापाची साथ होती आणि वरून गावनिहाय तक्ता मागविण्यात आला. त्यातील एका रकान्याचे शीर्षक ‘आर. एम. पी. उपलब्ध आहे काय’ असे होते. खालून तक्ते भरून आले. जवळजवळ प्रत्येक गावापुढे ‘होय’. ज्याने रकाना आखला त्याला नोंदणीकृत डॉक्टर अभिप्रेत होता, ज्याने भरला त्याला गावातला सुईवाला. दोघेही आपापल्या शब्दकोशाप्रमाणे बरोबर होते. फिरती पथके आधी ‘नाही’ असलेल्या गावांना पाठवावीत असा निर्णय बैठकीत होऊ लागला. तो झाला असता तर ज्या गावांत प्रत्येक तापाला स्टेरॉइड आणि सलाईन दिले जात होते, ती सर्वांत शेवटी आली असती. मंडल कार्यालयातील एका वृद्ध लिपिकाने, परवानगी मागून, हळूच विचारले, ‘सार, कोणता आर. एम. पी.?’ त्या एका प्रश्नाने रकाना बदलला. असो.

न्यायालये आणि विधिमंडळे यांनीही हा गुंता सोडविण्याचे प्रयत्न केले, पण कायद्यातील व्याख्याच एकजीव नाही. औषधविषयक १९४५ च्या नियमांत, नियम २ (ईई) खाली, नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायी म्हणजे आधुनिक वैद्यकाचा डॉक्टर आहेच. शिवाय दंतवैद्य आहे, जनावरांचा डॉक्टर आहे, आणि राज्य सरकार सामान्य वा विशेष आदेशाने ज्याला आधुनिक वैद्यकाचा व्यवसायी म्हणून घोषित करील तोही आहे, मात्र त्याचे नाव राज्याच्या एखाद्या वैद्यक नोंदवहीत हवे आणि ती नोंदवही होमिओपॅथीची नसावी. गर्भपाताच्या कायद्यातील आर. एम. पी. मात्र फारच अरुंद : मान्य पदवी, राज्याच्या नोंदवहीत नाव आणि स्त्रीरोगशास्त्राचा अनुभव वा प्रशिक्षण. १९९६ मध्ये पूनम वर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ॲलोपॅथीची औषधे देणाऱ्या होमिओपॅथला दोषी धरले. १९९८ च्या मुख्तियार चंद प्रकरणात राज्यांचा घोषणेचा अधिकार मान्य केला, पण राज्याच्या कायद्याने जेवढी मुभा दिली असेल तेवढ्यापुरताच. आणि शिक्षा? १९५६ च्या कायद्यात १९६४ च्या दुरुस्तीने नोंद नसलेल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड ठरविला. तो हजार रुपयांचा आकडा २०२० मध्ये तो कायदा रद्द होईपर्यंत तसाच राहिला.

दुसरा मार्ग होता शिकविण्याचा. संयुक्त आंध्र प्रदेशाच्या सरकारने २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात या आर. एम. पीं.ना प्रशिक्षण देऊन ‘कम्युनिटी पॅरामेडिक’ करावे अशी योजना आखली. डॉक्टरांच्या संघटनांचा विरोध झाला आणि प्रश्न निवडणुकीच्या आश्वासनांत अडकून राहिला. बंगालमधील बीरभूम जिल्ह्यात मात्र याची रीतसर परीक्षा झाली. जिष्णु दास, अभिजित चौधरी, रेश्मान हुसाम व अभिजित बॅनर्जी यांनी २०३ गावांतील ३०४ अनौपचारिक व्यवसायी निवडले, चिठ्ठ्या टाकून त्यांतील निम्म्यांना सुमारे नऊ महिन्यांत १५० तास शिकविले आणि निष्कर्ष २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. शिकलेल्यांचे रोगनिदान व उपचार सुधारले. अनावश्यक औषधे आणि प्रतिजैविके देण्याची सवय मात्र सुटली नाही. मला या दुसऱ्या वाक्याचे महत्त्व पहिल्यापेक्षा अधिक वाटते. ज्याचे पोट गोळ्या विकण्यावर आहे, त्याला गोळी देऊ नकोस हे शिकवून कळते, पण परवडत नाही. त्याने आपल्याकडचा रोगी वेळेवर पुढे पाठवावा असे वाटत असेल, तर पाठविण्याचे बक्षीस खाजगी इस्पितळाच्या दलालीतून मिळता कामा नये. आणि हे काम प्रशिक्षणाच्या वर्गात होण्यासारखे नाही.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाचा २०१९ चा कायदा या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. त्याने शिक्षा एक वर्ष कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी कडक केली. या तरतुदीच्या आधारे तेलंगणाच्या वैद्यक परिषदेने २०२३ पासून खेड्यापाड्यांतील दवाखान्यांवर छापे घालून गुन्हे नोंदविले. त्याच कायद्याच्या कलम ३२ ने मर्यादित परवाना असलेला ‘कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर’ हा मधल्या फळीचा व्यवसायी कल्पिला, आणि त्यांची संख्या परवानाधारक डॉक्टरांच्या एक तृतीयांशाहून अधिक नसावी असे बंधन घातले. भोर समितीतील अल्पमताचा सूर त्र्याहत्तर वर्षांनी कायद्यात उमटला, असे म्हणता येईल. गंमत पुढेच आहे. राष्ट्रीय नोंदवहीत ज्याचे नाव घालावयाचे त्या पूर्ण अर्हतेच्या डॉक्टरला या कायद्याने म्हटले आहे ‘लायसेन्स्ड मेडिकल प्रॅक्टिशनर’. एल. एम. पी. ज्या अक्षरांना दुय्यम ठरवून १९४६ मध्ये निरोप दिला, ती एम. बी. बी. एस.च्या डोक्यावर परत आली, आणि बहुधा मसुदा लिहिणाऱ्याच्या हे ध्यानातही आले नसावे.

त्यानंतर २ ऑगस्ट २०२३ रोजी आयोगाने डॉक्टरांच्या आचरणाचे विनियम प्रसिद्ध केले. त्यांत पानोपानी डॉक्टरचा उल्लेख ‘आर. एम. पी.’ असाच होता. हैदराबादच्या एखाद्या शल्यविशारदाने ते वाचले असतील तेव्हा त्याला काय वाटले असेल ते त्यालाच ठाऊक. त्याच्या गावाकडे ही अक्षरे शिवीसारखी वापरली जातात. विनियमांत आणखी एक तरतूद होती. आयोगाच्या कायद्याखाली नोंद असलेल्या डॉक्टरनेच आपल्या नावामागे ‘मेड. डॉ.’ असे लावावे. म्हणजे जुनी अक्षरे बाजारात गेली म्हणून नवी काढली. हे विनियम तीन आठवड्यांनी, २३ ऑगस्टला, स्थगित झाले. तेवढ्या अवधीत कोणा गावात ‘मेड. डॉ.’ अशी पाटी लागली की नाही, आणि लागली असल्यास ती नेमकी कोणाच्या दारावर, हे पाहावयास मी गेलो नाही.